गुलाबांच्या गावातला पहिला ऑपेरा

मित्रांनो, बल्गेरियाला कधी गेलात, तर मे महिन्याच्या अखेरीस कझान्लक गावी जा. आणि हो, पहाटे लवकर उठा बरं का! इथे गुलाब तोडतात ते ऊन चढायच्या आत. उशीर झाला की पाकळ्यांतला सुगंध उडून जातो. किलोभर गुलाबतेलासाठी तीन हजार किलोंहून जास्त पाकळ्या लागतात!

आता मान वर करा. उत्तरेला बाल्कन पर्वत दिसेल. तिथली शिपका खिंड ओलांडली की येतं गाब्रोव्हो. तिथे १८६० साली एमानुइल मानोलोव्ह जन्मले. ते सतरा वर्षांचे असताना याच खिंडीत रशियन आणि बल्गेरियन सैनिकांनी तुर्की फौजेला रोखून धरलं. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, जवळजवळ पाचशे वर्षांची तुर्की राजवट संपली आणि बल्गेरियाचं नवं राज्य उभं राहिलं.

राज्य नवं, तसं तिथलं संगीतही नवं घडायचं होतं. मानोलोव्ह मॉस्कोला जाऊन संगीत शिकले. परतल्यावर त्यांनी शाळेत गाणं शिकवलं, लष्करी बँड चालवला. मग त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्या भाषेत ऑपेरा लिहायचा! ऑपेरा म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं गाऊन सादर केलेलं नाटक. भांडायचं तेही गाऊनच!

कवी इव्हान वाझोव्ह यांच्या कवितेवरून त्यांनी 'सिरोमाखकिन्या' लिहायला घेतला. सिरोमाखकिन्या म्हणजे गरीब बाई. पण गाणार कोण? राजधानी सोफियात टिकाऊ ऑपेरा मंडळी उभी राहिली ती १९०८ साली. मानोलोव्ह तोवर थांबले नाहीत. १९०० साली याच कझान्लकमध्ये हौशी कलाकारांना घेऊन त्यांनी प्रयोग केला. गंमत म्हणजे, ऑपेरा तेव्हा पुरा लिहूनसुद्धा झाला नव्हता!

तो पुढेही अपुराच राहिला. १९०२ साली, अवघ्या ४२ व्या वर्षी मानोलोव्ह वारले. पण वाट पडली होती. गेओर्गी अतानासोव्ह यांनी पुढे अनेक ऑपेरा लिहिले. त्यांचा 'गेर्गाना' १९१७ मध्ये रंगमंचावर आला. मुलांसाठीही त्यांनी छोट्या संगीतिका रचल्या.

तुमच्याही वहीत एखादं अर्धं नाटुकलं पडून असेल, नाही का? 'पुरं झालं की दाखवू' म्हणून लपवून ठेवलेलं? काढा पाहू ते बाहेर! चार मित्र गोळा करा आणि जेवढं झालंय तेवढं करून दाखवा. बल्गेरियातला पहिला ऑपेरा असाच तर झाला!