जागल्या, बुरूज आणि कॅमेरा : धाराशिवच्या घरराखणीची गोष्ट

१/ नळदुर्गच्या किल्ल्यात शिरले की उपळ्या बुरूज लांबूनच नजरेत भरतो. त्याच्या उंचीचे प्रयोजन टेहळणीचे. वर उभा असलेला पहारेकरी दूरवरचा मुलूख न्याहाळी आणि दिसेल ते किल्लेदाराच्या कानी घाली. पायथ्याच्या रयतेला काय दिसले हे कळण्याची सोय नव्हती. पहाऱ्याच्या इतिहासातला मूळ प्रश्न इथेच उभा राहतो : पाहणारा कोणाला उत्तर देतो? आज धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या घरावर कॅमेरा बसवताना हाच प्रश्न पुन्हा येतो. आणि घरच्या लॅपटॉपमध्ये विंडोज नसेल, तर तो टाळताही येत नाही. #थ्रेड

२/ प्रसंग नेहमीचा आहे. आईवडील गावी, मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात. घर दिवसभर शेतावर आणि रात्री दोन म्हाताऱ्या माणसांवर. मुले कॅमेरे बसवायचे ठरवतात. विद्यार्थ्याच्या हाती जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स, कारण ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. दुकानदार मात्र सांगतो की सोबतचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालेल. नाहीतर कंपनीचे मोबाइल अॅप घ्या. या अडचणीची मुळे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३/ मराठवाड्यातील जुने घर स्वतःच एक पहारा होते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकूड आणि मातीचे माळवद, आत चौक आणि रस्त्याच्या बाजूला खिडकी जवळजवळ नाहीच. उजेड चौकातून किंवा माळवदातल्या झरोक्यातून यायचा. उन्हापासून बचाव हे एक कारण आणि चोर-दरोडेखोरांची धास्ती हे दुसरे. पाटील-देशमुखांच्या गढ्यांनी हीच रचना बुरूज लावून मोठी केली. घर बाहेर पाहत नसे आणि बाहेरच्यालाही आत पाहू देत नसे.

४/ या भिंतींची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चुकती झाली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसे झोपेत होती. लातूर जिल्ह्याइतकाच धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसराला तडाखा बसला. सुमारे ८ हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव मातीत बसवलेल्या दगडांखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेला. चोरापासून राखणाऱ्या भिंतीच घातक ठरल्या. पुनर्वसित गावांत रुंद रस्ते आले, सुटी घरे आली. ती अधिक सुरक्षित होती, पण भिंतीला भिंत लागून असलेली शेजारची राखण मात्र विरळ झाली.

५/ भिंतीखेरीज दुसरा पहारा होता माणसाचा. गावचा जागल्या रात्री फिरे, आल्यागेल्याची नोंद मनात ठेवी, परका माणूस हेरी. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात दख्खनच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोरी झाली तर राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग पुढच्या गावच्या शिवेत गेला तर तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. पुराव्याची साखळी म्हणतात ती हीच. ती कागदावर नव्हती, पावलांवर होती.

६/ या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा अंधारा भाग विसरता येत नाही. राखणीचे काम बहुतेक ठिकाणी महार, मांग, रामोशी अशा समाजांकडे वंशपरंपरेने बांधलेले होते. रात्र गावासाठी जागायची आणि बदल्यात तुटपुंजे बलुते व वतन. हे बंधन सैल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. ते गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. गावाची राखण करणाऱ्याची राखण कोण करणार, हा सवाल या मातीत जुना आहे.

७/ जागल्याच्या जागी यंत्र आले त्याची वाट युद्धातून जाते. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणांचे उड्डाण दुरून पाहण्यासाठी बंदिस्त दूरचित्रवाणीची योजना झाली. घराच्या दारापर्यंत ती आणली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी. कामाच्या वेळा अवेळी, पोलीस येण्यास उशीर. १९६६ मध्ये त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. दाराला छिद्रे, सरकता कॅमेरा, आत पडदा, बोलण्याची सोय आणि दुरून कडी काढणारे बटण. कॅमेरा त्यांचा होता, पडदाही त्यांच्याच खोलीत होता.

८/ १९९६ साली स्वीडनच्या अॅक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. तो सेकंदाला जेमतेम एक छोटे चित्र देई. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे अॅक्टिव्हएक्स आले. पुढे असंख्य कॅमेरा उत्पादकांनी चित्र दाखवण्यासाठी याच तंत्रावरचे प्लगइन लिहिले. ते फक्त विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. म्हणजे कॅमेरा घरचा, पण पाहण्याचा झरोका एकाच कंपनीचा. जून २०२२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर निवृत्त केला आणि धडधाकट कॅमेऱ्यांची पाने आंधळी झाली. दुकानदाराच्या ‘विंडोजच लागेल’ या उत्तरामागे हा इतिहास आहे.

९/ त्याच दशकात दुसरी वाटही तयार होत होती. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स सुरू केले. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाहण्यासाठी जो प्रकल्प घेतला, त्यातून व्हीएलसी जन्मले. १९९८ मध्ये आरटीएसपी हा चालत्या चित्राची मागणी करण्याचा खुला संकेत प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी एकत्र येऊन ऑनव्हिफ हे मानक उभारले, ज्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकतो. भारतात सी-डॅकने २००७ साली बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली आणली; ती मराठीतही चालते.

१०/ आता प्रत्यक्ष कृती. पहिली कसोटी खरेदीच्या वेळी. खोक्यावर ऑनव्हिफ (प्रोफाइल एस किंवा टी) आणि आरटीएसपी यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. ज्यात चित्र फक्त कंपनीच्या अॅपमध्येच दिसते, तो कॅमेरा टाळावा. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीच्या अटी अधिसूचित केल्या. त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या, म्हणून प्रमाणित मॉडेल आहे का हेही विचारावे. वायफायपेक्षा केबलचा कॅमेरा भरवशाचा. पीओई स्विच घेतल्यास त्याच केबलमधून वीजही जाते. वीज गेल्यावर स्विच, राउटर आणि रेकॉर्डिंगचे यंत्र चालू राहावे म्हणून छोटा यूपीएस हवा.

११/ कॅमेरा आणि लॅपटॉप एकाच राउटरला जोडावेत. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते; तिथे कॅमेऱ्याचा पत्ता सापडतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.६४. हा पत्ता राउटरमध्येच कायमचा राखून ठेवावा. मग फायरफॉक्समध्ये तो उघडून सर्वप्रथम कारखान्याचा पासवर्ड बदलावा. आरटीएसपी आणि ऑनव्हिफ सुरू करावेत, घड्याळ भारतीय प्रमाणवेळेला लावावे. एखाद्या मॉडेलचे पान अजूनही जुने प्लगइन मागते; तिथे पहिली मांडणी मोबाइलवरून करून पुढचे सारे लॅपटॉपवर करता येते.

१२/ पुढची पायरी व्हीएलसीची. ‘मीडिया’ यादीतून नेटवर्क प्रवाह उघडण्याचा पर्याय निवडावा आणि तिथे आरटीएसपीने सुरू होणारा पत्ता द्यावा. त्यात क्रमाने वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, कॅमेऱ्याचा पत्ता, ५५४ हा दरवाजा-क्रमांक आणि शेवटी मार्ग येतो. हा शेवटचा मार्ग प्रत्येक उत्पादकाचा निराळा. तो माहितीपुस्तिकेत असतो. अंगणाचे चित्र पडद्यावर आले की विंडोजची गरज तिथेच संपली.

१३/ पाहणे वेगळे आणि जतन करणे वेगळे. झोनमाइंडर किंवा फ्रिगेट ही मुक्त सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात आणि हालचाल झाली तेवढेच भाग टिपून ठेवू शकतात. हिशेब आधीच करावा. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरला तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६.४ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क अखंड चित्रणात साडेअकरा दिवसांत भरते. नंतर जुने पुसले जाते. दफ्तरखान्यात काय टिकते आणि काय कीड खाते यावर इतिहास ठरतो. इथे ते डिस्कच्या आकारावर ठरते.

१४/ पासवर्ड बदलण्याचा आग्रह कशासाठी? २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभर ताब्यात घेतले. तिच्याकडे अशा सुमारे ६० जोड्यांची यादी होती, बस्स. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच फौजेच्या हल्ल्याने डिन या कंपनीची सेवा कोलमडली आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. घर राखायला लावलेली यंत्रे परक्याच्या हुकमावर चालली. कुंपणच शेत खाते, ते हे.

१५/ म्हणून कॅमेऱ्याला राउटरमधून इंटरनेटचा मार्ग बंद करावा. बाहेरून आपोआप दरवाजे उघडणारी यूपीएनपी सुविधाही बंद करावी. इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ भरकटू नये म्हणून वेळ घरच्याच यंत्राकडून द्यावी. मग पुण्यातून पाहायचे कसे? त्यासाठी वायरगार्ड. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घरचे यंत्र आणि पुण्यातील लॅपटॉप यांच्यात ते एक बंदिस्त वाट तयार करते. किल्ली दोनच ठिकाणी. ब्रॉडबँड कंपनी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नसेल, तर मध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो.

१६/ चोरी झालीच तर चित्रण पुरावा ठरेल का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅशमूल्य नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेली खूण. एक बिंदू बदलला तरी खूण बदलते. लिनक्समध्ये एसएचए-२५६ काढण्याची सोय अंगभूत आहे. मूळ फाइल न छेडता प्रत काढावी, हॅश आणि वेळ लिहून ठेवावी. साधन अस्सल आहे का, ते कोणाकोणाच्या हातून आले, तारीख विश्वसनीय आहे का : इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न नवे नाहीत. एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर माग सोपवणारा जागल्याही तेच करत होता.

१७/ कॅमेऱ्याचा रोख हा शेवटचा निर्णय आणि सर्वांत जड. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. शेजारच्या अंगणात, मोरीकडे किंवा दारात बसणाऱ्या बायकांच्या ओट्याकडे नजर जात असेल तर कॅमेरा वळवावा किंवा तेवढा भाग सॉफ्टवेअरमध्ये झाकावा. गावाच्या वेशीवर कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवण्याची सत्ता पूर्वी कोणाकडे होती आणि ती कोणावर चालवली गेली, हे वतनाच्या इतिहासाने पुरेसे सांगितले आहे.

१८/ आणि घरातले? मुलगा पुण्यात बसून अंगण पाहतो तेव्हा पाहिली जातात ती आईवडीलच. त्यांना विचारल्याशिवाय घराच्या आत कॅमेरा लावू नये. सारे बसवून झाल्यावर एका वहीत मराठीत लिहून ठेवावे : कोणता कॅमेरा कुठे आहे, चित्रण किती दिवस टिकते, कोण पाहू शकते, पासवर्ड काय आणि कोणती तार काढली की सगळे बंद होते. ती वही लॅपटॉपच्या पिशवीत जाऊ नये. ती गावच्या घरातच, आईच्या हाताला लागेल अशा फडताळात राहावी.

(थ्रेड समाप्त)