जंगलाच्या ठेकेदाराची कादंबरी

काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथाचं दर्शन, अहिल्याबाई घाट आणि संध्याकाळची आरती एवढं उरकून गाडी पकडतो. देवकीनंदन खत्री त्याच्या यादीत नसतात. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर क्रूरसिंहाचं ‘यक्कू’ ऐकून वाढलेल्यांनाही ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी मुळात या खत्रींनी लिहिली हे चटकन सांगता येत नाही.

खत्री (१८६१–१९१३) जंगलाचे ठेकेदार. काशीनरेशांच्या मुलखातली चकिया-नौगढची जंगलं त्यांनी ठेक्याने घेतलेली. झाडं मोजता मोजता पडके वाडे, गुहा, भुयारं दिसत गेली. डोक्यात हमजाची दास्तान होतीच. मध्ययुगापासून फिरत आलेली, तिलिस्मांनी म्हणजे मायावी भूलभुलैयांनी आणि जादूगारांनी खच्चून भरलेली ती कथा. त्यातला अमर हा अय्यार, म्हणजे वेशांतर करणारा चतुर हेर, तर बिलंदरांचा बादशहा. १८८३पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून याच दास्तानीतल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंडही निघू लागले होते.

‘चंद्रकांता’साठी खत्रींनी तिलिस्म घेतला, अय्यार घेतले, जादूला मात्र रजा दिली. त्यांच्या तेजसिंह या अय्याराकडे मंत्र नाही, बटवा आहे: बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, भिंत चढायला कमंद, वेशांतराचं सामान. खंडहरातला दगडी बगळा समोर आलेल्याला गिळतो तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे कळतं, ते यंत्र आहे! चमत्कारामागची कळ दाखवूनही वाचकाला पान उलटायला लावायचं, हे मला जादूपेक्षा अवघड वाटतं. आणि हे सारं घडतं कुठे, तर नौगढ, विजयगढ, चुनार अशा खऱ्याखुऱ्या गावांत.

ही कादंबरी वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले, असं सांगतात. हिंदीतले समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी खत्रींना साहित्यिकांच्या पंगतीला बसवलं नाही, पण एवढे वाचक दुसऱ्या कोणी घडवले नाहीत हे मान्य केलं. (समीक्षकाकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.) आपल्याकडेही ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची, म्हणजे अद्भुतात आपण आधी उतरलो होतो. पण त्या आता परीक्षेच्या नोट्सपुरत्या उरल्या. ‘चंद्रकांता’ अजून छापली जाते, विकली जाते, वाचली जाते.

तेव्हा पुढच्या काशीयात्रेत एक दिवस चुनारसाठी राखून ठेवा. गंगेकाठचा तो किल्ला शहरापासून फार लांब नाही. जाताना पहिला भाग वाचून जा, म्हणजे तिथल्या प्रत्येक बंद दाराचा संशय येईल.