फॉर्म्युल्याचं टाचण



आपल्यापैकी अनेकांच्या टेबलाच्या खणात एक वही असते. केंद्र संमेलनात कुणीतरी सांगितलेला फॉर्म्युला, प्रिंटर अडकला तर काय करायचं, फाईल छोटी कशी करायची, असं सगळं त्यात. (पासवर्ड मात्र त्यात लिहू नका.) शाळेत संगणक जमणारं माणूस बहुधा एकच असतं आणि सगळे त्यालाच हाक मारतात.

माझा मामेभाऊ पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. त्याचीही अशीच वही आहे, फक्त ती एक साधी टेक्स्ट फाईल आहे. ती बघताना मला कोडचं विशेष वाटलं नाही, ते मला कळलंही नाही. पण प्रत्येक कमांडच्या वर हॅशचं चिन्ह देऊन दोन-तीन ओळी लिहिलेल्या होत्या. ही कशासाठी, कधी चालवायची, कुठे अजिबात चालवायची नाही. हॅशच्या पुढचं संगणक वाचत नाही, म्हणजे त्या ओळी फक्त माणसासाठी! मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमचं पाठ टाचण झालं. उद्दिष्ट, पूर्वज्ञान, मूल्यमापन. डी.एड.ला आम्ही रोज काढायचो आणि रोज कुरकुरायचो.

आता आपल्या वहीतला फॉर्म्युला घ्या. व्हीलुकअप सगळ्यांकडे असतो. त्याच्या कंसात चौथी जागा असते, तिथे ट्रू किंवा फॉल्स लिहायचं. निकालपत्रकात श्रेणी काढताना ट्रू लागतं. बाजूला तक्ता करा: 0 ला इ-2, 21 ला इ-1, 33 ला ड, 41 ला क-2, असं चढत्या क्रमाने 91 ला अ-1 पर्यंत. 57 गुण दिले की तो 51 च्या ओळीवर थांबतो आणि क-1 देतो. छान. पण हाच फॉर्म्युला उचलून हजेरी क्रमांकावरून मुलाचं नाव शोधायला वापरला, तर तिथे फॉल्स हवं. चौथी जागा लिहिलीच नाही तर एक्सेल ट्रू धरतं. यादी क्रमाने नसेल तर ते गुपचूप दुसऱ्याच मुलाची माहिती आणून ठेवतं, लाल खूण नाही, काही नाही. वहीत नुसता फॉर्म्युला असेल तर हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एक्सेल आकड्याचे 15 च अंक नीट ठेवतं, पुढचे शून्य करतं. आपला विद्यार्थी आयडी 19 अंकी. साध्या रकान्यात टाकला की शेवटचे चार अंक गेले, आणि नंतर रकाना बदलून ते परत येत नाहीत. सुरुवातीचं शून्यही ते गाळतं. आमच्या भागातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती अशीच अडकली होती. खाते क्रमांक शून्याने सुरू होणारा, यादीत एक अंक कमी. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. तीन खेपा मारल्या तिने, म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडाला. पासबुक बरोबर, आधार बरोबर, सगळे म्हणतात तुमचंच काहीतरी चुकलंय. चुकलं होतं ते एका रकान्यात.

उपाय सोपा आहे. आकडे टाकण्याआधी रकाना निवडून टेक्स्ट करा. ‘आधी’ या शब्दाखाली माझ्या वहीत दोन रेघा आहेत. आणि सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडू नका. मूळ फाईल बरोबर असली तरी एक्सेल उघडतानाच शून्य गाळतं, आणि आपण सेव्ह केलं की संपलं. डेटा टॅबमधून ती आत घ्या आणि त्या रकान्याला टेक्स्ट निवडा.

भावाने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका 1971 ची, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. त्यात कमांडची माहिती देताना ‘बग्ज’ नावाचा एक भाग असायचा. ज्यांनी बनवलं तेच लिहून ठेवायचे, इथे हे नीट चालत नाही. आपल्या अहवालांत असा रकाना असता तर! असो.

माझ्या वहीत आता प्रत्येक फॉर्म्युल्याखाली ‘कुठे वापरू नये’ आणि ‘तपासणी’ या ओळी असतात. बदली आज ना उद्या होणारच, वही पुढच्या बाईंच्या हातात जाईल. श्रेणीच्या फॉर्म्युल्याखाली लिहिलंय: 40 टाकून ड आणि 41 टाकून क-2 येतं का बघा. खाते क्रमांकाखाली लिहिलंय: पालक सभेला पासबुक आणायला सांगा, एकेकाला जवळ बसवा. मी स्क्रीनवरचा एकेक अंक वाचते, आई पासबुकावर बोट ठेवून ताडते. पहिलं शून्यही मोठ्याने वाचायचं.