खाणीकाठचा विसावा

पेडणे महालात राहणाऱ्या मनुष्याने विश्रांतीसाठी कोठे जावे, हा प्रश्न ऐकणाऱ्याला थट्टेचा वाटतो. मोरजी, हरमल, केरी येथील वाळूवर पडून राहण्यासाठी देशोदेशीचे लोक पैसे मोजून येतात, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागल्यावर तर त्यांचा ओघ आमच्या दारावरूनच वाहू लागला आहे. परंतु ज्याच्या अंगणात इतरांची विश्रांती अहोरात्र चाललेली असते, त्याला स्वतःची विश्रांती अन्यत्र शोधणे प्राप्त होते. म्हणून उभयतांनी एक शनिवार-रविवार कोठे काढावा याची चर्चा निघाली तेव्हा मी डिचोलीच्या खाणपट्ट्याचे नाव सुचवले. सौभाग्यवतींचे माहेर त्याच डिचोली महालातल्या मयेचे. “माहेरी जाण्याला सहल म्हणत नाहीत,” एवढेच बोलून त्यांनी तो ठराव फेटाळला.

माझ्या डोक्यात ही कल्पना भरवली ती विलायतेत स्थायिक झालेल्या मुलाने. तो आणि सून नुकतीच श्रॉपशायर परगण्यातील आयर्नब्रिज या गावी राहून आली होती. तेथे सेव्हर्न नदीच्या घळीत, कोलब्रुकडेल येथे, अब्राहम डार्बी या गृहस्थाने १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्याची युक्ती साधली, आणि १७७९ मध्ये त्याच्या नातवाने तेथेच बिडाच्या लोखंडाचा पूल उभारला. आज भट्ट्या थंड आहेत. १९८६ पासून त्या घळीला जागतिक वारशाची सनद मिळाली असून, जुन्या पद्धतीची दुकाने पुन्हा मांडून, जुन्या पोशाखातले लोहार व छापखानेवाले पाहुण्यांना आपले कसब दाखवतात. मुलाने धाडलेल्या छायाचित्रांत झाडी इतकी दाट आहे की येथे एके काळी धुराने सूर्य झाकोळत असे, हे सांगूनही पटू नये.

डिचोलीची ओळख लोखंड गाळण्याची नाही. ती खणण्याची आहे. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या कायमच्या सवलती, १९८७ च्या कायद्याने त्यांचे २० डिसेंबर १९६१ पासून इजाऱ्यांत झालेले रूपांतर, त्या इजाऱ्यांची संपलेली मुदत, २०१२ ची बंदी आणि अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेले अठ्ठ्याऐंशी इजारे, असा या दगडाचा दफ्तरी इतिहास आहे. लोकांच्या आठवणीतला इतिहास खनिज वाहणाऱ्या टिपरचा आहे. डोंगरावरून उतरणाऱ्या टिपरांची रांग नदीकाठच्या धक्क्यापर्यंत लागे. तेथे माल बार्जमध्ये पडे आणि मांडवीवाटे मुरगावला जाऊन जपान, चीनच्या जहाजांत चढे. आमचे लग्न झाले तेव्हा तो धंदा भरात होता. खनिजाच्या धुळीमुळे सासुरवाडीला पांढरे कापड बाहेर वाळत घालण्याची सोय नव्हती, आणि सासूबाई देवासाठी तुळशीचे पान खुडत ते आधी जागच्या जागी पाण्याने धूत. धुतल्यावर पानाच्या शिरेत उरलेली तांबडी रेघ मी स्वतः पाहिली आहे. शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, त्यांतले पाणी पंपांनी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. उलट त्याच टिपरच्या भाड्यावर कित्येक घरांवर स्लॅब पडले आणि मुली उजवल्या गेल्या, हेही तितकेच खरे.

मग यंत्रे थांबली. पावसाने खड्डे भरले, मातीच्या डंपांवर हिरवळ आली, आणि रस्त्याने जाणारा परका मनुष्य ‘काय शांतता आहे!’ असे उद्गार काढू लागला. या उद्गाराविषयी मला फार दिवस अवघडल्यासारखे वाटत आले आहे. ज्या निःशब्दतेला प्रवासी सौंदर्य म्हणतो, तिला मयेचा मनुष्य हप्ता थकलेली गाडी म्हणतो. आयर्नब्रिजच्या श्रमाला पुरते मरण आले, त्याचे वर्षश्राद्धही झाले, म्हणून तेथे तिकीट लावता येते. डिचोलीचा मामला मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. खाणींचे लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुनश्च सुरू झाले, आणि सुनावणी तहकूब झालेल्या कचेरीच्या आवारात डबे सोडून बसावे तसे काहीसे या सहलीचे होणार, अशी मला धास्ती होती.

तरीही मी हट्ट सोडला नाही. हट्टाला देवीचा आधार मिळाला. मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि मयेची महामाया या बहिणी, अशी या दोन्ही महालांची श्रद्धा आहे. तेव्हा पेडण्याकडून डिचोलीकडे जाणे हा बहिणीकडचा रिवाजच ठरतो, हा युक्तिवाद सौभाग्यवतींनी मान्य केला. मग बेत भराभर ठरत गेला: कोलवाळचा पूल ओलांडून थिवी, अस्नोड्यावरून डिचोली, शिरगावला दर्शन, दिवाडीवरून नदीपार आणलेल्या ज्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये करविला, ते देऊळ असलेल्या नार्व्याला दुपार, दुसऱ्या दिवशी हरवळ्याचा धबधबा, आणि जांभ्या दगडात कोरलेली, लोक ज्यांना पांडवांची म्हणतात ती लेणी.

मुक्कामावर गाडे अडले. मयेच्या तळ्याकाठी विश्रामस्थान आहे, पाणी डोंगरांच्या कुशीत आहे, याहून रम्य जागा ती कोणती? परंतु माहेरच्या गावात लेकीने भाड्याच्या खोलीत उतरावे, हे गावाला काय, त्या तळ्यालाही रुचणार नाही, असे मला बजावण्यात आले. माहेरी उतरावे, तर भावजयीबरोबर स्वयंपाकघरात उभे राहण्यात विसावा कसला, हेही त्याच दमात ऐकवण्यात आले. शेवटी साखळीला खोली घ्यावी आणि मयेला कळवू नये, असे ठरले.

मेहुण्याला अर्थातच कळले. त्याचा फोन आला तो रागाचा नव्हता. एके काळी त्याचे स्वतःचे टिपर होते. ते त्याने बंदीच्या काळात पडत्या भावाने विकले. “भावोजी, खाणीकडचे रस्ते मी दाखवतो,” तो म्हणाला, “पण भाच्याच्या त्या विलायती गावात भट्ट्या बंद पडल्या तेव्हा गाडीवाल्यांचे कर्ज कोणी फेडले, तेवढे त्याला विचारा.” मुलाने पाठवलेले रंगीत पत्रक मी पुन्हा उघडले. त्यात पुलाची लांबी आहे, उपाहारगृहाची वेळ आहे, वाहने उभी करण्याचा दर आहे. मुलाला लिहून विचारतो, असे मेहुण्याला सांगितले. साखळीची खोली मात्र रद्द केली नाही.