झाडातल्या तंतुकणिकेस

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर

प्रिय तंतुकणिके,

हे पत्र तुला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियनला आहे, आणि तुझा धडा शिकवणाऱ्या सगळ्यांनाही. तुझ्याविषयी एक गैरसमज वर्गावर्गांत मुक्काम ठोकून आहे. मुलांना विचारावं, वनस्पतीच्या पेशीत काय असतं? उत्तर येतं, हरितलवक. आणि प्राण्याच्या पेशीत? तंतुकणिका. अन्न तयार करणं झाडांचं, श्वसन प्राण्यांचं, अशी वाटणी त्यांच्या मनात पक्की बसलेली असते, आणि ती काढताना माझा दरवर्षी जीव मेटाकुटीला येतो.

हरितलवक असतं हिरव्या भागात. मुळं, बिया, कंद यांना तुझाच आधार, तोही रात्रंदिवस. कन्नड-वैजापूरकडचा शेतकरी कांदाचाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवतो, कारण काढून ठेवलेला कांदाही जिवंत असतो. तो ऑक्सिजन घेतो, साखर वापरतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. ते काम तुझं.

साखरेचे पहिले तुकडे तुझ्याबाहेर, पेशीद्रवात होतात. पुढचं सगळं तुझ्या पोटात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. त्या वाटेवर तू प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलतेस. जायकवाडीत साठलेलं पाणी खाली येताना जनित्राचं चाक फिरवतं, तसे हे प्रोटॉन परत आत येताना पटलातलं एक इवलंसं प्रथिनयंत्र खरोखर गरगर फिरवतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये प्रोटॉनची ही कल्पना मांडली तेव्हा ती फार थोड्यांना पटली. 1978 मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

या वाटेवरचं एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. इथे मला कमलाबाईंचं नाव घ्यायचं आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून 1933 मध्ये तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. ती हटली नाही. शेवटी पहिलं वर्ष पारखून बघण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ती अट अपमानाची होती, आणि रामन कितीही मोठे असले तरी हे म्हणायलाच हवं. तिच्या कामानं त्यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींना तिथलं दार उघडलं.

तिथून ती केंब्रिजला गेली, जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. डेव्हिड कीलिन यांनी 1925 मध्ये सायटोक्रोमची ओळख करून दिली होतीच. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता दाखवलं, की वनस्पतीच्या ऊतींमध्येही पेशीपेशीत सायटोक्रोम सी आहे आणि ऑक्सिडीकरणात त्याचा वाटा आहे. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. 1939 मध्ये तिला पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. ऑक्सिडीकरणाचं हे काम तुझ्या आत चालतं, हे केनेडी आणि लेनिंजर यांनी दाखवलं 1948-49 च्या सुमारास. म्हणजे तुझा पत्ता कळण्याआधीच तिनं झाडात तुझी खूण शोधली होती.

तू पुढच्या पिढीत कशी जातेस, तेही बघण्यासारखं आहे. आमच्या पडेगावात शेळी-मेंढीचं सरकारी प्रक्षेत्र आहे. तिथलं उस्मानाबादी करडू तुला आईकडून घेतं, बोकडाकडून नाही. ज्वारी-बाजरीतही बहुधा तसंच. तुझा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि त्यातल्या काही बदलांमुळे पिकात परागच धड तयार होत नाहीत. अशी नरवंध्य ओळ आई म्हणून घ्यायची आणि दुसऱ्या ओळीचे पराग तिच्यावर पडू द्यायचे, की हातानं फुलं न खुडता संकरित बी तयार होतं. 1964 ची सीएसएच-1 ज्वारी आणि 1965 ची एचबी-1 बाजरी याच युक्तीवर उभी राहिली. मराठवाड्यातल्या ज्या घरांत हायब्रीडची भाकरी खाल्ली गेली, त्यांच्यावर तुझं हे ऋण आहे. त्यात धोकाही आहे. अमेरिकेतला बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या नरवंध्य ओळीवर विसंबलेला होता, आणि 1970 मध्ये करप्यानं त्याचं प्रचंड नुकसान केलं. त्या रोगाला बळी पडण्याचं कारण तुझ्याच एका जनुकात निघालं.

एवढं सगळं झाडांतलं. म्हणून तुझ्या साक्षीनं माझी शिक्षकांना विनंती आहे. वनस्पतिपेशीची आकृती काढाल तेव्हा हरितलवकाइतक्याच ठळकपणे तंतुकणिका काढा, तिच्यावर प्रश्न विचारा, आणि श्वसन शिकवाल त्या दिवशी फळ्यावर कमला सोहोनी हे नाव लिहा.

तुझी,
एक विज्ञानशिक्षिका