राखून ठेवलेली जागा

माणसांची मोडलेली हाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. यंत्राचा सांगाडा बदलताना मात्र परवाच प्रथम पाहिला. माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत महाप्याला, लोकांची माहिती साठवून ठेवणाऱ्या संगणकांची निगा राखतो. मी गेलो त्या रात्री नेमकं हेच काम निघालं होतं. "गुरुजी, आलाच आहात तर बघा," म्हणाला, आणि परवानगीची चिठ्ठी काढून मला आत घेऊन गेला.

आत पंख्यांचा घोंघाट आणि माघातली थंडी. कपाटांतून सर्व्हर एकावर एक रचलेले. त्यांतल्या एकाची चासी, म्हणजे पेटी आणि तिच्यातली जोडणी, कामातून गेली होती. डिस्का मात्र बाराच्या बारा धडधाकट होत्या. त्या काढून नव्या चासीत बसवायच्या.

"पण तोवर ह्यातल्या माहितीचं काय?" मी विचारलं.

तो म्हणाला, प्रत्येक माहितीच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या सर्व्हरांत असतात. ह्या व्यवस्थेचं नाव 'सेफ'. ऑक्टोपसच्या कुळावरून ठेवलेलं. सेज वाईल नावाच्या विद्यार्थ्यानं कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात ती रचली, आणि २००६ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एखादा सर्व्हर गप्प झाला, की बाकीचे दहा मिनिटं वाट पाहतात. मग तो गेलाच असं धरून त्याच्या वाट्याच्या प्रती नव्यानं करून आपसांत वाटून घेऊ लागतात. म्हणून पेटी उघडण्याआधी एक हुकूम द्यायचा: 'नोआऊट'. हा दिसला नाही तरी ह्याला बाहेर धरू नका! नवी माहिती तोवर दोघे लिहून घेतात, आणि तो परतला की मधल्या काळात जे बदललं तेवढंच त्याला सांगतात.

डिस्कांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लागल्या, पेटी बदलली. नव्या पेटीचा पत्ता जुन्या नोंदीशी जुळेना. तेवढी नोंद त्यानं सुधारली. हिरवे दिवे लुकलुकले. लगेच त्यानं तो हुकूम मागे घेतला.

"विसरलास तर?"

"मग खरोखर गेलेल्याचीही वाट पाहत बसतील, गुरुजी."

असं काही पाहिलं की जुनी वस्त्रं टाकणारा आत्मा आठवावा, ही आपली रीत. मला आठवले अण्णा. गेल्या वर्षी श्रावणात वडील न्हाणीत घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. आम्ही मायेनंच त्यांची कामं वाटून घेतली. मंडई धाकट्या भावानं घेतली, दुधाचा हिशेब बायकोनं, नातवाचे पाढे मी. मार्गशीर्षात अण्णा काठी टेकत दारापर्यंत आले आणि खुंटीवरच्या पिशवीला हात घातला. "तुम्ही कशाला, अण्णा? बसा तुम्ही," मीच म्हणालो होतो.

तेव्हापासून ते खिडकीशी बसून असतात. आम्ही म्हणतो, म्हातारपण आलं. हाड तर केव्हाच जुळलं होतं. त्यांची जागा आम्ही ठेवली नव्हती.

घरी आलो त्या दिवशी महिन्याची पहिली तारीख होती. भिंतीवरचं कॅलेंडर काढून पेन्सिलीसकट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "अण्णा, दुधाचा मेळ लागेना."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. चष्मा पुसला. बराच वेळ बोटं हलत राहिली.

"तीन दिवसांचे खाडे धरलेले नाहीत," ते म्हणाले. मग काठी शोधत, "आणि माझी पिशवी कुठे टाकलीत?"