तालमीला गेलेली मुले

महाविद्यालये सुरू होऊन रुळतात न रुळतात तोच मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे वारे वाहू लागतात. आधी विभागीय फेऱ्या, मग अंतिम फेरी. एकीकडे रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम, चिकटचित्र. दुसरीकडे एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य. पुढे हिवाळ्यात जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी आपले वार्षिक प्रदर्शन मांडतात. १८५७ साली स्थापन झालेली ही संस्था २०२३ पासून अभिमत विद्यापीठ आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली या साऱ्यांत असतात. त्यांचे काम पाहायला मात्र घरातले कुणी जात नाही.

याच दिवसांत मिस्सा आटोपल्यावर एखादी आई हमखास थांबते. गेल्या वर्षीही एक माउली म्हणाली, “फादर, पोरगी रात्री आठ-आठ वाजेपर्यंत तालमीला असते. अभ्यास कधी करणार? तुम्ही तरी तिला समजवा.” मी म्हणालो, “बाई, समजवीन. पण आधी तालीम पाहून येतो.”

मुलीला भूमिका नव्हती. ती प्रकाशयोजना सांभाळत होती. महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटांची मर्यादा असते. तेवढ्यात आयुष्यातला एखादा पेच उभा करायचा आणि पडदा पाडायचा. एकच प्रवेश त्या मुलांनी सात वेळा केला. कुणी कुरकुरले नाही. दुसऱ्याचे वाक्य पुरते ऐकल्याशिवाय आपले बोलायचे नाही, हा धडा आपल्या किती घरांत गिरवला जातो? मी त्या आईला एवढेच सांगितले की, अभ्यासाचे वेळापत्रक मुलीबरोबर बसून आखा; तालीम मात्र बंद करू नका.

संत जॉन पॉल दुसरे हे १९३८ साली क्राकोच्या विद्यापीठात पोलिश भाषा व साहित्य शिकायला गेले. पुढच्याच वर्षी नाझींनी ते विद्यापीठ बंद केले. १९४१ पासून कारोल वॉयतिवा आणि त्यांचे सोबती लोकांच्या घरांतून चोरून नाट्यप्रयोग करीत. नेपथ्य जवळजवळ नाहीच; सारा भर शब्दावर. सेमिनरीची वाट त्यांनी त्यानंतर, १९४२ मध्ये धरली. रंगमंचाने त्यांना वेदीपासून दूर नेले नाही. पोप या नात्याने १९९९ च्या पुनरुत्थान सणाला त्यांनी जगभरच्या कलावंतांना खास पत्र लिहिले.

आपल्या जवळचे उदाहरण मात्र सुखद नाही. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) जे. जे.त काही काळ शिकून शांतिनिकेतनला गेले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या मातीचा चेहरा दिला. गोव्यातील स्वकीयांनाच ते रुचले नाही. अखेर पुण्यातील एका ख्रिस्ती आश्रमाने त्यांना आसरा दिला. आज तीच चित्रे आपण कौतुकाने पाहतो. कौतुक करायला आपण कलावंताच्या मरणाची वाट का पाहावी?

प्रत्येक मुलाचे प्रत्येक चित्र आपल्याला आवडेल असे नाही. एखादे नाटक बोचेलही. बोचले तर घरी जेवताना त्यावर बोलावे, मुलाला विचारावे, त्याचे ऐकावे. न पाहताच नाक मुरडणे हा न्याय नव्हे.

तेव्हा पालकहो, यंदा तारखा जाहीर झाल्या की मुलांकडून विचारून घ्या. रांगोळीच्या दालनात दहा मिनिटे रेंगाळा, एकांकिकेला मागच्या रांगेत का होईना, बसा. बक्षीस मिळाले की नाही, हे घरी परतताना विचारू नका. “हा रंग तुला कसा सुचला?” एवढेच विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.